चेल्सीचं धुकं

लडाखच्या हिवाळ्यात पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून केवढी मारामारी चालते, हे तिथे राहिलेल्या कुठल्याही फौजीला विचारा. आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या माणसाने लंडनमध्ये छपराखाली मुद्दाम पाणी गोठवलं, आणि तेही पाइप वापरूनच.

जॉन गॅम्जी हा पेशाने पशुवैद्य. याचाच भाऊ सॅम्प्सन गॅम्जी, बर्मिंगहॅमचा सर्जन. जखमेवर ठेवायची, जाळीच्या कापडात कापूस भरलेली जाड पट्टी आपल्या इस्पितळांत आजही ‘गॅम्जी’ म्हणूनच मागतात, ती त्याची. जॉनला मात्र ध्यास होता मांस गोठवण्याचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून जहाजाने येणारं मांस टिकावं कसं, यावर तो डोकं चालवत होता. त्या खटपटीत त्याला गोठवण्याची एक रीत सापडली आणि 1870 मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. मग मांस राहिलं बाजूला. 7 जानेवारी 1876 रोजी चेल्सीत, किंग्ज रोडजवळ एका तंबूत त्याने ‘ग्लेशियारियम’ उघडलं आणि मार्चमध्ये ते त्याच रस्त्यावरच्या पक्क्या इमारतीत नेलं.

त्याआधी 1840 च्या दशकात लंडनकरांनी नकली बर्फ पाहिला होता. क्षार आणि डुकराची चरबी यांचं ते मिश्रण होतं आणि त्याला भयंकर वास यायचा. गॅम्जीचा बर्फ खऱ्या पाण्याचा होता. मैदान एवढंसं, 40 फूट बाय 24 फूट, म्हणजे आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं. खाली काँक्रीट, त्यावर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या. जमिनीची ऊब वर येऊ नये म्हणून ही तजवीज. त्यावर तांब्याचे चपटे पाइप, पाइपांवर पाणी. पाइपांतून ग्लिसरिनचं थंडगार द्रावण पंपाने फिरवलं की वरचं पाणी गोठायचं. भिंतींवर आल्प्सची चित्रं, सज्जात वाद्यवृंद, प्रवेश फक्त श्रीमंत सभासदांना.

तत्त्व आपल्या माठाचंच. द्रव उडून जाताना भोवतालची उष्णता घेऊन जातो. आजच्या बहुतेक मोठ्या रिंकमध्ये हे काम अमोनिया करतो. तो कॅल्शियम क्लोराइडच्या खाऱ्या पाण्यातली उष्णता शोषून उडतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, उष्णता बाहेर फेकली जाते आणि अमोनिया पुन्हा द्रवरूप होतो. खारं पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून ते काँक्रीटच्या लादीतल्या पाइपांतून खुशाल फिरतं. लादीवर पाणी एकदम ओतायचं नाही. पातळ थर एकावर एक गोठवत तीन-चार सेंटिमीटर जाडी आणायची. मधल्या एका थराला पांढरा रंग देतात, नाहीतर खालचं करडं काँक्रीट दिसतं. लादीखाली आजही उष्णतारोधक थर असतो, आणि त्याच्याही खाली जमीन थोडी उबदार ठेवावी लागते. ती गोठून फुगली तर सगळी लादीच उचलली जाते!

खालची आघाडी गॅम्जीने चांगली सांभाळली होती. तो हरला वरच्या आघाडीवर. लंडनची दमट हवा त्या बर्फावर आली की धुकं व्हायचं. मँचेस्टरला आणि थेम्सवर तरंगती, अशा आणखी दोन रिंक त्याने काढल्या होत्या. 1878 संपेपर्यंत तिन्ही बंद पडल्या. धुक्याने गिऱ्हाईक पळवलं.

धुक्यावर इलाज म्हणजे हवेतला ओलावा काढणारी यंत्रं. ती रिंकला शीतयंत्राइतकीच लागतात. राहिले ओरखडे. अमेरिकेत फ्रँक झॅम्बोनीचा बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता. घरोघरी फ्रिज येऊ लागले तसा तो बसू लागला, तेव्हा त्याने 1940 मध्ये भावांबरोबर कॅलिफोर्नियात रिंक काढली. बर्फ तासायला ट्रॅक्टर, मागे चुरा उचलणारी माणसं, मग पाणी. एका खेपेला तासाहून जास्त वेळ जायचा. 1949 मध्ये त्याने हे सगळं एकट्याने करणारं यंत्र बनवलं. ते वरचा पापुद्रा खरवडतं आणि मागे पाणी पसरतं. हे पाणी बहुधा गरम असतं. गरम पाणी वरचा बर्फ किंचित वितळवतं आणि ओरखडे भरून एकजीव गोठतं.

आता आपल्याकडे या. शिमल्याची 1920 ची रिंक उघड्यावरची. तिथे रात्रीची थंडीच बर्फ करते, बिल येत नाही. डेहराडूनची गोष्ट वेगळी. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे 60 मीटर बाय 30 मीटरची बंदिस्त रिंक बांधली. चेल्सीच्या वीस रिंक आत मावतील एवढी! स्पर्धा झाल्या आणि विजेच्या व देखभालीच्या खर्चापायी ती कित्येक वर्षं बंद राहिली. आपले स्केटर सरावासाठी परदेशी जात राहिले. ज्यांना परवडत नव्हतं, त्यांची उमेदीची वर्षं तशीच गेली. इमारत उभी करायला पैसा मिळतो, रोजच्या रसदीला मिळत नाही, हे दुखणं फौजेतही पाहिलंय.

2025 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा भरली. ऑगस्ट म्हणजे डेहराडूनला ऐन पावसाळा. बाहेर दमट हवा, आत गोठलेला बर्फ. गॅम्जीला नेमकं हेच नडलं होतं.