पिकअपचा मागचा ब्रेक ‘पकडतो’ का? एका जुन्या युक्तीचा इतिहास

पुण्याने मराठीला मालवाहतुकीचा एक शब्दच रूढ करून दिला. न. के. फिरोदिया यांच्या बजाज टेम्पोची तीनचाकी १९५८ पासून रस्त्यावर आली आणि कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला लोक ‘टेम्पो’ म्हणू लागले. पुढे १९६९ मध्ये मॅटाडोर, १९८६ मध्ये टेल्कोची ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल पिकअप आली. आकुर्डी-पिंपरीच्या या परंपरेत इंजिने बदलली, केबिनी बदलल्या; मागच्या चाकातला ड्रम ब्रेक मात्र टिकून राहिला.

हा ड्रम लुई रेनो यांनी १९०२ च्या सुमारास प्रचारात आणला. फिरत्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. पुढे जाताना त्यांतल्या एका शूला ड्रमचे घर्षणच आणखी आत ओढून घेते, दाराखाली सारलेल्या पाचरीसारखे. पायाचा जोर थोडा, रोध मोठा! १९२० च्या दशकात फ्रान्सचे आंरी पेरो आणि अमेरिकेचे व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी एका शूने दुसऱ्याला रेटण्याची रचना लोकप्रिय केली आणि हा गुणाकार अधिकच वाढला.

दोष नेमका याच युक्तीत दडला आहे. लायनरचे घर्षण किंचित वाढले, की रोध त्याच्या कितीतरी पट वाढतो. मार्केट यार्डात माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप मागे हलकी असते. पावसात कात्रजच्या उतारावर तिचे मागचे चाक जागच्या जागी थांबले, तर गाडी आडवी होते.

म्हणून निदान घाईने करू नये. सकाळी पहिल्या दोन-चार वेळांपुरताच ब्रेक पकडत असेल, तर दोष बहुधा ड्रमवर रात्रीत धरलेल्या गंजाचा. एकच चाक पकडत असेल, तर प्रथम गळती शोधावी. तेलाने लायनर घसरेल अशी आपली समजूत. पण ओलावा अगदी थोडा असेल, तर लायनर उलट चिकट होऊन पकडतो. ते तेल कुठले, हे ओळखणे सोपे आहे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते आणि दोष व्हील सिलिंडरचा असतो. दाट, उग्र वासाचे गिअर ऑइल ॲक्सलच्या सीलमधून येते. सील बदलताना हाउसिंगचे श्वासछिद्र चोंदलेले नाही ना, हे पाहावे. नाहीतर आतला दाब नवे सीलही फोडतो.

भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवण्याची पद्धत मला घातक वाटते. तापल्यावर आत मुरलेले तेल पुन्हा वर येते. लायनर नवे घालावेत, आणि तेही दोन्ही बाजूंना. नवे घातल्यावरच त्रास सुरू झाला असेल, तर पुढचा-मागचा शू अदलाबदल झाला आहे का, हे तपासावे. ड्रम लेथवर घेताना त्यावर कोरलेली कमाल व्यासाची मर्यादा ओलांडू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आणि भरलेली गाडी नीट थांबते, फक्त रिकामीच पकडते, असे असेल तर ड्रम उघडण्याआधी चासीखाली पाहावे. अनेक पिकअपमध्ये भारानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा गंजून अडकला, की रिकाम्या गाडीलाही भरलेल्या गाडीचा ब्रेक लागतो.