देकार्तची ‘खोटी’ मुळे

आलेख क्ष-अक्षाला जेथे छेदतो, तेथे समीकरणाची मुळे सापडतात. ज्या प्रतलावर हे दिसते त्याला रेने देकार्तचे नाव आहे. पण १६३७ साली लायडन येथे छापलेल्या त्याच्या ‘ला जेओमेत्री’मध्ये दोन अक्षांची आजची आकृती नाही.

त्यात (क्ष−२), (क्ष−३), (क्ष−४) आणि (क्ष+५) यांचा गुणाकार शून्य मानून त्याने चतुर्घाती समीकरण रचले. २, ३, ४ ही ‘खरी’ मुळे. पाचाचे मूळ ‘खोटे’, कारण ते शून्याहूनही कमी! आज त्याचा आलेख काढावा: क्ष-अक्षावर चार छेद, पैकी एक आरंभबिंदूच्या डावीकडे, −५ वर. क्ष शून्य ठेवला की −१२० उरतात; य-अक्षावरील छेद तो.

गंमत अशी, की वर्तुळ व अन्वस्त यांच्या छेदबिंदूंवरून मुळे शोधताना खोटी मुळे अन्वस्ताच्या अक्षाच्या दुसऱ्या बाजूस पडतात, हे देकार्तनेच नोंदवले होते. जागा सापडली होती. नाव तेवढे जुनेच राहिले.

पुढे १७०४ साली न्यूटनचा त्रिघाती वक्रांवरील निबंध ‘ऑप्टिक्स’सोबत प्रसिद्ध झाला. त्यातील ७२ प्रकारचे वक्र दोन्ही अक्षांच्या दोन्ही बाजूंना मोकळेपणाने पसरले आहेत.