नीरा डाव्या कालव्याच्या कडेने सायकल : कधी जायचं, काय बघायचं, कशाला जपायचं

नीरा : जाड टायरच्या गियरवाल्या सायकलला 'माउंटन बाईक' म्हणतात, म्हणून ती डोंगरातच चालवायची असं काही नाही. मुरूम, खडी, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि मध्येच फुफाटा, अशा वाटेवर हीच सायकल कामाला येते. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरची वाट नेमकी अशी आहे. चढ नाही, उतार जाणवत नाही, बराच वेळ सावली. पण ही वाट मुळात फिरायला केलेली नाही. ती पाटकऱ्याची, कालव्याच्या देखरेखीची आणि ऊसवाल्यांची आहे. त्यामुळे कधी जायचं हे कालव्याच्या वेळापत्रकावर ठरतं.

हा कालवा वीर (ता. पुरंदर) इथून निघतो आणि बारामती, इंदापूरकडे जातो. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेच्या खोऱ्यात पाण्याची पक्की सोय करायचं ठरलं आणि १८८५ च्या सुमारास कालवा सुरू झाला. पाणी साठवायला वर भोरजवळ भाटघरला धरण बांधलं. तिथेच पुढे १९२० च्या दशकात मोठं लॉईड धरण झालं, आणि वीरचं आजचं धरण १९६५ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इकडे पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर होते. सगळं पाणी उसालाच जाऊ नये म्हणून त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. ठरवून दिलेल्या तुकड्यातल्या काही भागातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात हंगामी पिकं. पाणी जास्त गावांना पुरावं हा हेतू. आज उसाचा पट्टा बघितला की ती पद्धत किती टिकली हे कळतंच.

वाट सपाट का, हे समजून घेण्यासारखं आहे. पाणी आपोआप वाहत पुढे जायचं तर कालव्याला अगदी थोडा उतार लागतो. म्हणून कालवा सरळ जात नाही, जमिनीची पातळी धरून वळणं घेत जातो. रस्त्याने दहा किलोमीटर असलेलं गाव कालव्याने जास्त पडतं. अंतराचा अंदाज बांधताना हे धरून चालावं.

पाण्याच्या दिशेने तोंड केलं की नदी उजव्या हाताला. कालव्याचं पाणी उताराने नदीकडेच जाऊ शकतं, म्हणून उजवीकडे बागायत : ऊस, मका, घास. डावीकडे मूळचा माळ. आता पाइपलाइन करून तिकडेही पाणी नेलंय, तरी फरक अजून डोळ्याला दिसतो. उजवीकडेच काही ठिकाणी पांढरट, नापीक तुकडे दिसतील. ती चोपण झालेली जमीन. जास्त पाणी आणि निचरा नाही, त्याचा हा परिणाम.

भरावाच्या पायथ्याला विहिरी बघाव्यात. कालव्याच्या पाझरावर त्या भरतात. अस्तरीकरण म्हटलं की काठावरचा शेतकरी चिडतो तो यामुळेच : काँक्रीट केलं तर विहीर आटणार. शेपटाकडच्या शेतकऱ्याचं म्हणणं उलटं, गळती थांबली तरच आपल्यापर्यंत पाणी येणार. दोघांचंही खोटं नाही. सायकलवर शेपटापर्यंत गेलं की हा वाद कागदापेक्षा लवकर समजतो.

आता जपायचं काय. सगळ्यात आधी आवर्तन. कालवा भरून चालू असताना वरून पाणी संथ वाटतं, आत ओढ असते. काठ शेवाळाने निसरडा, धरायला काही नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा अडकतो. आवर्तन सुरू असेल तर पाण्याच्या बाजूने सायकल चालवू नये, पोरांना एकटं पाठवू नये, हातपाय धुवायला उतरू नये. कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरी, ओढणी, धोतर, फुगवलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते टाकायचं, आरडाओरडा करायचा, एकाने ११२ ला फोन लावायचा. पाणी कधी सुटणार हे पाटकऱ्याला विचारलं तर तो सांगतो.

दुसरं, गळीत हंगाम. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती, तिन्ही कारखाने याच पट्ट्यात. दिवाळीनंतर डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच वाटांवर येतात. ट्रॉलीवाल्याला मागचं दिसत नाही आणि टेपही मोठ्याने चालू असतो. त्याला थांबून वाट द्यावी, शेजारून घुसू नये. अंधारात रिफ्लेक्टर आणि मागचा लाल दिवा पाहिजेच.

पावसाळ्यात मात्र नाद सोडावा. काळी माती चाकात आणि ब्रेकमध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वर चाकोऱ्या पडून वाट खराब होते, तो त्रास शेतकऱ्यालाच.

पंक्चरचं कारण जवळपास ठरलेलं : सराटा नाहीतर बाभळीचा काटा. टायर दोन इंचाच्या पुढचा असावा, हवा फार टाइट नको. ट्यूबमध्ये पंक्चरचं लिक्विड भरून घेतलं तर बारीक काट्याला पुरतं. तरीही हातपंप, जादा ट्यूब आणि दोन लिटर पाणी सोबत पाहिजे, कारण दुकान गावातच, भरावावर नाही. पुढचा सस्पेन्शन लॉक होत असेल तर करून टाकावा, सपाट वाटेवर उगाच जोर खातो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने नीरेहून बारामतीकडे निघावं. नीरा स्टेशन पुणे-मिरज लाईनवर आहे. रस्त्याने अंतर चाळीसेक किलोमीटर, कालव्याने त्याहून जास्त. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो, तो पाठीशी येतो. उलट बाजूने निघणाऱ्याने पहाटे निघून ऊन चढायच्या आत पोचावं.