झिंगाट (गीत)

झिंगाट हे नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (प्रदर्शन : २९ एप्रिल २०१६) या मराठी चित्रपटातील गीत आहे. अजय-अतुल या संगीतकार बंधूंनी ते संगीतबद्ध केले व गायले. चित्रपटातील काही गीतांसाठी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. या गीताचा भर मात्र वरातीच्या ठेक्यावर आहे.

लोकप्रिय संस्कृतीतील प्रभाव

चित्रपट सुरू असताना अनेक ठिकाणी प्रेक्षक उठून या गीतावर नाचले. पुढे ते लग्नसमारंभ व गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत रूढ झाले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर, मुरबाड या ग्रामीण तालुक्यांतील हळदी-वरातींतही ते वाजते. 'मनसु मल्लिगे' (२०१७) या कन्नड आणि 'धडक' (२०१८) या हिंदी पुनर्निर्मितींत त्याची चाल कायम राहिली. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे आहेत. २०१८ मध्ये नभोवाणी निवेदिका मलिश्का मेंडोन्सा यांनी याच चालीवर मुंबईतील खड्ड्यांविषयी विडंबनगीत सादर केले.

मूळ कथेत हे गीत नायिकेच्या भावाच्या वाढदिवसाच्या प्रसंगी येते. त्याच रात्री आंतरजातीय प्रेम उघडकीस येते आणि कथेचा शेवट नायक-नायिकेच्या हत्येत होतो. विवाहसोहळ्यांत गीत वाजते, तेव्हा हा संदर्भ मागे पडलेला असतो.