आम्ही निघत असू

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळांचे वर्ग रिकामे होऊ लागतात. कोयते कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. इकडे हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो.

अशाच एका आठवड्यात आठवीला इंग्रजी शिकवत होतो. मी उर्दू-मराठीचा मास्तर, पण इंग्रजीचं पद रिकामं, म्हणून तो तासही माझ्याकडे. फळ्यावर लिहिलं, 'वुई विल बी लीव्हिंग ऑन मंडे.' विद्यार्थी असताना घोकलेला नियम सांगितला: 'विल बी' आणि मागे 'आयएनजी' आलं की मराठीत 'त असेन, त असू, त असेल'. एका मुलीने लिहिलं, 'आम्ही सोमवारी निघत असू.' मी बरोबरची खूण केली. शेजारच्या मुलाने ते वाचलं आणि म्हणाला, "सर, ये तो दादा के जमाने का हुआ. अब नहीं निकलते क्या?"

पोरगं बरोबर होतं. 'आम्ही पहाटे निघत असू' असं मराठी माणूस जुन्या सवयीबद्दल सांगतो. 'तो निघत असेल' म्हटलं तर तो या घडीचा अंदाज झाला. उर्दूत 'निकल रहा होगा' हाही अंदाजच. 'आया होगा' याला तर उर्दू कवायद सरळ माज़ी एहतमाली म्हणते, म्हणजे शक्यतेचा भूतकाळ. 'होगा' दिसला म्हणून कुणी त्याला मुस्तक़बिलात बसवलं नाही. मग मी इतकी वर्षं काय शिकवत होतो?

लिंडली मरे याचं 1795 सालचं इंग्रजी व्याकरण शाळांमध्ये फार चाललं. त्यात काळ सहाच. चालू भविष्यकाळाला वेगळा खाना नाही. बारा खान्यांचा तक्ता नंतरचा. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 चं, आणि तेव्हापासून इंग्रजी व्याकरणाची सावली आपल्या शालेय व्याकरणावर आहेच. माझा समज असा, की तिकडे खाना झाला म्हणून इकडे काहीतरी भरावं लागलं, आणि 'त असेन' हाताशी होतं. मराठवाड्यात आणखी एक पदर आहे. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं, खालच्या शिक्षणावरही उर्दूचाच जोर. तेव्हा इथल्या बऱ्याच जणांनी इंग्रजीचे काळ आधी उर्दूतून गिरवले आणि पुढच्या पिढीने मराठीतून. घोळ मात्र तोच राहिला.

इंग्रजीत हे दोन प्रकार मुळात का लागतात, त्याचं उत्तर 'विल' या शब्दातच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'इच्छिणे'. 'शॅल' चा 'देणं लागणे'. जॉन वॉलिसने 1653 मध्ये लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं (अनंताची आडव्या आठासारखी खूण गणितात आणली तोच हा वॉलिस) आणि कोणत्या पुरुषाला 'शॅल' व कोणत्याला 'विल', याचे नियम घातले. लोकांनी ते पुरते कधीच पाळले नाहीत. पण 'विल' मधली इच्छा आजही गेलेली नाही. 'विल यू कम?' म्हटलं की विनंतीचा वास येतो. समोरच्याला हो-नाही करावं लागतं. 'विल यू बी कमिंग?' मध्ये ते ओझं नाही. तुमचं काय ठरलंय, एवढंच विचारलेलं असतं.

हा फरक मराठीला नवा आहे का? मुळीच नाही. 'उद्या याल का?' ही विनंती. 'उद्या येणार आहात का?' ही चौकशी. आमच्या घरच्या बोलीत 'आएंगे क्या?' आणि 'आने वाले क्या?'. 'णार' काय, 'वाला' काय, दोन्ही माणसाला त्या कामाचा करणारा ठरवून टाकतात. तक्त्यात शोधत होतो तो जोडीदार रोज तोंडात होता. तो प्रत्येक ठिकाणी चालतो असं नाही. 'उद्या या वेळी आम्ही पेपर लिहीत असू' इथे 'त असू' च हवं, कारण तिथे वेळ बांधलेली आहे. पण फळ्यावरच्या वाक्याला 'आम्ही सोमवारी निघणार आहोत' हेच मराठी.

दुसऱ्या दिवशी वर्गात नियम दुरुस्त केला. उदाहरण दूर शोधावं लागलं नाही. मुकादमाकडून उचल घेतली नाही तोवर घरात 'बघू, जाऊ' चालतं. उचल घेतली की 'जाणार'. साधा आणि चालू भविष्यकाळ यांच्यातलं अंतर मुलांना त्या एका शब्दावरून समजलं. आमच्याकडे 'जाऊंगा' च्या पाठोपाठ इन्शाअल्लाह येतोच, पण उचलीच्या हिशेबात तो धरत नाहीत.

संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. तिला तरी आजीपाशी ठेवा, असं सांगायचं होतं. आधी विचारलं, "सोमवारी जाणार आहात का?" वडील म्हणाले, "उचल घेतलीय सर. जाणार."

चुकीच्या वाक्यावर मी केलेली बरोबरची खूण तिच्या वहीत तशीच होती. वही बोचक्यात बांधून झाली होती.