मुष्टियोद्ध्याचे हृदय : दोन लढतींमधला काळ

नामवंत व्यावसायिक मुष्टियोद्धा वर्षातून दोन-तीनदाच रिंगणात उतरतो. प्रत्येक लढतीआधी आठ ते बारा आठवडे तो सराव शिबिरात असतो. उरलेले महिने त्याचे त्याला मोकळे. या मोकळ्या महिन्यांत मेहनत थांबते, खाणे सुटते, दारू आणि कधी अमली पदार्थही येतात. मग लढत ठरली की अर्धपोटी राहून कसून सराव, आणि शेवटच्या दोन दिवसांत अंगातले पाणी काढून वजनाची मर्यादा गाठणे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या चढउतारांचा हृदयावर आणि रक्ताभिसरणावर काय परिणाम होतो, हा या नोंदीचा विषय आहे. मुष्टियुद्धातल्या धोक्यांची चर्चा बहुतेक मेंदूभोवती फिरते आणि ते रास्तच आहे. हृदयावरचा ताण मात्र प्रेक्षकांना दिसत नाही. तो कुणाचे लक्ष नसलेल्या महिन्यांत साठत जातो.

दुरानचे उदाहरण : पनामा सिटीच्या एल चोरिल्लो या गरीब वस्तीत वाढलेला रोबेर्तो दुरान (जन्म १९५१) १९७२ मध्ये केन ब्युकॅननला हरवून लाइटवेट विजेता झाला. या गटाची मर्यादा ६१.२ किलो. २० जून १९८० रोजी मॉन्ट्रियल येथे त्याने शुगर रे लेनर्डवर पंधरा फेऱ्यांत गुणांनी विजय मिळवून ६६.७ किलोचे वेल्टरवेट विजेतेपद घेतले. मायदेशी त्याचे राष्ट्रपुरुषासारखे स्वागत झाले आणि मेजवान्यांना खंड राहिला नाही. त्याचे वजन नव्वद किलोंच्या आसपास गेले. एवढ्यात परतीची लढत २५ नोव्हेंबरला न्यू ऑर्लीन्स येथे ठरली. म्हणजे पाचेक महिन्यांत वीस किलोंहून अधिक वजन चढवायचे आणि तेवढेच उतरवायचे, असा प्रकार झाला. दुरानने मर्यादा गाठली, वजन झाल्यावर भरपेट जेवला, आणि आठव्या फेरीत लेनर्डकडे पाठ फिरवून लढत सोडून दिली. पोटात कळा आल्याचे त्याने सांगितले, पण जगाने त्याला भित्रा ठरवले. हा निवाडा अन्यायाचा होता. त्या रात्री रिंगणात उभ्या असलेल्या शरीराला गेल्या पाच महिन्यांत काय सोसावे लागले होते, याचा हिशेब कुणीच केला नाही.

दुरान त्यानंतरही दोन वेगळ्या वजनगटांत विजेता झाला, २००१ पर्यंत लढत राहिला, आणि त्याच्या नावावर एकूण ११९ लढती जमा झाल्या. मार्च २०२५ मध्ये, ७३ व्या वर्षी, हृदयातील विद्युतसंदेशाच्या वहनात अडथळा आल्याने त्याला पेसमेकर बसवावा लागला. हा विकार त्या वयात अनेकांना होतो. तरुणपणीच्या चढउतारांशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही, आणि तसा तो जोडूही नये.

हृदय बदलते कसे : सततच्या मेहनतीने हृदय मोठे होते, हे स्वीडिश वैद्य हेन्शेन यांनी १८९९ मध्येच बर्फावर घसरत लांब पल्ला कापणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून ताडले होते. धावपटूच्या हृदयाचे कप्पे प्रामुख्याने रुंदावतात, वजन उचलणाऱ्याच्या हृदयाची भिंत जाड होते, अशी ढोबळ विभागणी १९७५ पासून मांडली जाते. मुष्टियुद्धात हे दोन्ही ताण एकत्र येतात. तीन मिनिटांची फेरी, एका मिनिटाची विश्रांती, आवळलेल्या मुठी आणि सतत हलते पाय : हृदयरोगतज्ज्ञांच्या वर्गीकरणात मुष्टियुद्ध हे नौकावल्हवण आणि सायकलिंगसोबत सर्वाधिक ताणाच्या गटात बसते.

असे कमावलेले हृदय विश्रांतीत पुन्हा आकसते, आणि हे वाईट नाही. सहा ऑलिंपिक खेळाडूंच्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, काही महिने सराव थांबवल्यावर डाव्या जवनिकेच्या भिंतीची जाडी सरासरी १३.८ मिलिमीटरवरून १०.५ वर आली. खरा प्रश्न वेगाचा आहे. सराव थांबला की रक्तातल्या द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच घटते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि तेच काम करायला नाडी जोरात धावू लागते. डॅलस येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. मुष्टियोद्धा अंथरुणावर पडून नसतो हे खरे, पण त्याच काळात त्याच्या अंगावर वीस किलो चढत असतात. पंप दुबळा होत जातो आणि ज्याला रक्त पुरवायचे ते शरीर वाढत जाते.

वजन पुन्हा चढताना रक्तदाब, नाडी, रक्तातली साखर आणि चरबी या साऱ्या गोष्टी पूर्वीच्या पातळीवर थांबत नाहीत, काही काळ तिच्याही वर जातात, असे एक गृहीतक आहे. वजन उतरताना त्या खाली येतात, पण चढतीच्या काळात रक्तवाहिन्यांना आणि मूत्रपिंडांना बसलेला ताण त्याने भरून निघत नाही. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यात असे वीस-पंचवीस फेरे होऊ शकतात.

दारू आणि कोकेन : थोड्या वेळात पुष्कळ दारू प्यायल्यावर निरोगी माणसाच्याही हृदयाचा ताल बिघडू शकतो. सुट्टीच्या दिवसांनंतर असे रुग्ण वाढतात हे १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवले. कोकेनने हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आकुंचन पावतात आणि त्याच वेळी नाडी व रक्तदाब वाढतात; ते घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे चोवीस पट होतो, असे १९९९ च्या एका अभ्यासात आढळले. दारूसोबत घेतल्यास यकृतात तिसरेच एक द्रव्य तयार होते आणि ते जास्त वेळ अंगात टिकते.

ब्रिटनचा टायसन फ्युरी २८ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे व्लादिमिर क्लिच्कोला हरवून हेवीवेट विजेता झाला, आणि पुढची अडीच वर्षे लढलाच नाही. नैराश्य, दारू आणि कोकेन यांत आपले वजन सुमारे १८० किलोंपर्यंत गेले होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. जून २०१८ मध्ये मँचेस्टर येथे तो परतला तेव्हा सुमारे १२५ किलोंचा होता. हेवीवेटला वरची मर्यादा नसल्याने त्याला शेवटच्या दिवसांत पाणी तोडावे लागले नाही. त्याचे संकट निराळे, मनातून सुरू झालेले होते. त्याने ते उघडपणे बोलून दाखवले, याचे मोल मोठे आहे. मोकळ्या काळातला अतिरेक म्हणजे नुसता चैनीचा हव्यास, असे समजणाऱ्यांना त्याने बरेच काही शिकवले. मँचेस्टरचाच रिकी हॅटन हा ६३.५ किलोच्या गटातला विजेता दोन लढतींच्या मधल्या काळात इतका सुटायचा की लोक त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्याला ‘फॅटन’ म्हणत. माणूस लाडका होता, म्हणून सगळे हसत राहिले.

शेवटचे दोन दिवस : वजनाच्या आदल्या संध्याकाळी मर्यादेपेक्षा दोन-तीन किलो जास्त असलेला मुष्टियोद्धा प्लॅस्टिकचा सूट घालून, त्यावर जाड कपडे चढवून दोरीवरच्या उड्या मारतो. घाम आटला की गरम पाण्याच्या टबात बसतो, बाहेर येऊन टॉवेलात गुंडाळून पडतो, तोंडात च्युइंगम धरून कपात थुंकत राहतो. ओठ फुटतात, लघवी गडद होते. इकडे रक्त दाट होत असते, ठोक्यामागे बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि नाडी बसल्या जागी वाढते. घामावाटे क्षार जातात, लघवी वाढवणारी गोळी घेतली असेल तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आणखी घसरतात, आणि हृदयाचा ताल याच क्षारांवर चालतो. अशा गोळ्या उत्तेजक प्रतिबंधक नियमांत बंदी असलेल्या आहेत.

आपल्याकडच्या वाचकांना मेरी कोमचा प्रसंग आठवेल. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलंडमधल्या स्पर्धेसाठी ती पहाटे उतरली, तेव्हा ४८ किलोच्या गटासाठी तिचे वजन दोन किलो जास्त होते आणि काट्यावर चढायला चारेक तास उरले होते. तासभर दोरीवरच्या उड्या मारून तिने ते उतरवले आणि सुवर्णपदकही मिळवले. तिच्या जिद्दीचे कौतुक सर्वत्र झाले. पण अशा बातम्या जिद्दीच्या कथा म्हणून छापल्या जातात आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले त्या तशाच वाचतात, याची काळजी वाटते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये महिनाभराच्या अवधीत अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच पद्धतीने वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वजन उतरवण्यासाठी सॉना वापरण्यास मनाई झाली.

निदानातली अडचण : हेवीवेट विजेता एव्हँडर होलीफील्ड २२ एप्रिल १९९४ रोजी मायकेल मूररकडून हरला आणि लगेच इस्पितळात त्याच्या हृदयाची डावी जवनिका ताठर असल्याचे निदान झाले. त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे मेयो क्लिनिकमध्ये हृदय निरोगी ठरले आणि मे १९९५ मध्ये तो पुन्हा लढला. लढतीनंतर दिलेले मॉर्फिन आणि भरपूर द्रव यांमुळे आधीचे चित्र फसवे आले, असे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले. अंगातले पाणी अस्थिर असताना हृदयाची मापे घेतली तर ती कशी चकवतात, हे यातून दिसते. उलट बाजूही तेवढीच खरी : शिबिराच्या अखेरीस, तंदुरुस्तीच्या शिखरावर केलेली तपासणी मधल्या महिन्यांबद्दल काहीच सांगत नाही. हृदयाचा आलेख आणि रक्तदाब शिबिराच्या पहिल्या आठवड्यात, वजन सर्वाधिक असताना घ्यायला हवा, कारण थकलेल्या हृदयावर एकदम जड सराव लादला जातो तो तेव्हाच.

नियम मुख्यतः काट्याभोवतीच घुटमळतात. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन जगज्जेतेपदाच्या लढतीच्या सकाळी पुन्हा वजन घेते आणि मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून, म्हणजे साडेचार किलोंहून अधिक वाढ मान्य करत नाही. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल तीस दिवस आधी वजन मागवते. ते मर्यादेच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये अशी अपेक्षा असते. मधल्या काळात डोकावणारा हा थोडाफार उपयोगी नियम. पण लढतच ठरलेली नसेल तर मुष्टियोद्धा कुणाच्याच देखरेखीखाली नसतो.

निवृत्तीनंतर : निवृत्ती म्हणजे ज्याच्या शेवटी लढत नाही असा मोकळा काळ. फिनलंडसाठी १९२० ते १९६५ या काळात खेळलेल्या १,८३८ पुरुष खेळाडूंच्या पाहणीत, वजन चढवत-उतरवत राहिलेले मुष्टियोद्धे, कुस्तीगीर आणि वजन उचलणारे पुढे इतर खेळाडूंपेक्षा, आणि कधीच न खेळलेल्या पुरुषांपेक्षाही, जास्त लठ्ठ झालेले आढळले. २०१७ मधल्या एका मोठ्या अभ्यासात, हृदयधमन्यांचा विकार असलेल्या साडेनऊ हजार रुग्णांपैकी ज्यांचे वजन सर्वाधिक हलले त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना ६४ टक्क्यांनी अधिक होत्या. ते रुग्ण खेळाडू नव्हते, वयस्कर आणि आधीच आजारी होते, त्यामुळे तो आकडा तरुण मुष्टियोद्ध्याला जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र पंचेचाळिशीतला निवृत्त मुष्टियोद्धा रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर घेऊन डॉक्टरांकडे येतो, तेव्हा तो कोणत्या गटात, कितीदा आणि किती किलो उतरवून लढला, हे विचारणे त्याच्या तपासणीचा भाग असायला हवे.