सुट्या भागांची सोयरीक

श्रोतेहो, जुनी फटफटी वाटेत अडली की मालक काय करतो? तालुक्याच्या गावी जाऊन दुकानदाराला म्हणतो, "कार्ब्युरेटरचं जेट द्या." दुकानदार देतो, मिस्त्री बसवतो, गाडी सुरूही होते. मात्र आठ दिवसांत ती पेट्रोल पिऊ लागते, नाहीतर चढावर तापून पिस्टन जाम होतो. मग आपण मिस्त्रीला बोल लावतो. पण खरा दोष पुष्कळ वेळा मिस्त्रीचा नसतो. त्याचे मूळ इतिहासात आहे. कसे, ते आज पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखाना स्क्रूचे आटे आपल्या मर्जीप्रमाणे पाडीत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल तर शपथ! मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच माप सुचविले. आट्याचा कोन ५५ अंश. पुढे अमेरिकेने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचविला. बारीक स्क्रूंसाठी ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १८८४ मध्ये तिसराच आटा सुचविला, त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. त्याला मिस्त्री लोक 'बी. ए.' म्हणतात. म्हणजे बघा, गोंधळ मिटविण्यासाठी नियम केले आणि नियमच तीन झाले!

आता कार्ब्युरेटरकडे येऊ. याचे काम हवेत पेट्रोल मिसळण्याचे. वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, असा हिशेब. पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापते. जास्त झाले तर धूर निघतो आणि प्लग काळा पडतो. हे प्रमाण राखते ते जेट, म्हणजे बारीक भोक असलेला पितळी तुकडा.

१९२७ साली इंग्लंडातील तीन कार्ब्युरेटर-कंपन्या एकत्र आल्या आणि बर्मिंगहॅमची 'अमाल' निघाली. नॉर्टन, ट्रायंफ, बी. एस. ए., रॉयल एनफील्ड या गाड्यांवर तिचेच कार्ब्युरेटर असत. आरंभी पेट्रोलची वाटी अंगाला बाजूने वेगळी जोडलेली असे. १९५५ मध्ये 'मोनोब्लॉक' आला, त्यात वाटी अंगातच ओतलेली. १९६७ मध्ये 'कॉन्सेंट्रिक' आला, त्यात वाटी बरोबर जेटच्या भोवती, खाली. नाव एकच 'अमाल', पण पिढ्या तीन. आजोबांची पगडी नातवाच्या डोक्याला बसेलच असे नाही.

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासेत एनफील्ड बुलेट जोडण्यास सुरुवात झाली. प्रथम भाग इंग्लंडातून येत, पुढे ते इथेच होऊ लागले. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, मेट्रिक मापांचा कायदा झाला. शेर-मण गेले, किलो आले. तसेच इंच-सुताच्या जागी मिलिमीटर आले. पुढे बुलेटवर जपानी मिकुनीच्या घडणीचा, भारतात तयार झालेला 'मिककार्ब' बसू लागला. एकाच नावाच्या गाडीवर अशी दोन घराणी नांदली.

आता खरी फसगत कोठे होते, ते ऐका. शून्य नंबरचा बी. ए. स्क्रू ६ मिलिमीटर जाडीचा, आट्यांतले अंतर १ मिलिमीटर. मेट्रिक ६ चा स्क्रूही तसाच! फरक फक्त कोनाचा. त्यामुळे दुसरा स्क्रू आत शिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण नरम धातूचे आटे तो खाऊन टाकतो.

जेटच्या नंबराचेही असेच. अमालचा नंबर म्हणजे एका मिनिटात जेटमधून किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहते, तो आकडा. इतर कित्येक कारखान्यांत नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणून १०० आणि १०० हे आकडे सारखे दिसले, तरी माप सारखे नव्हे. नंबर जुळला म्हणजे पत्रिका जुळली असे समजू नका.

मग करावे काय? दुकानात जाताना जुना भाग खिशात घालून न्या. कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेला नंबर कागदावर उतरवून घ्या. कॉन्सेंट्रिकवर ६२६ असेल तर तोंड २६ मिलिमीटरचे, ९३० असेल तर ३० चे. नवा स्क्रू बोटांनी फिरवून पाहा. अडला तर पान्याने जोर करू नका. आणि गाडी मधल्या वेगात जास्त पेट्रोल खात असेल, तर मुख्य जेट बदलण्याआधी सुई आणि सुईचे जेट पाहा. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून ते झिजतात, भोक मोठे होते.

शिक्षकबंधूंनो, दोन जुने स्क्रू आणि एक पट्टी वर्गात न्या. एका इंचात किती आटे, एका सेंटिमीटरात किती, हे मुलांना मोजू द्या. २०२० नंतरच्या नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पण जुन्या गाड्या अजून खेड्यापाड्यांत धावतात. त्यांना चालते ठेवणाऱ्या हातांना सगळ्यांत आधी नीट मोजता आले पाहिजे.